प्रकाश थकतो

“त्यांना म्हणायचंय, महास्फोट झालाच नाही,” काकू म्हणाल्या.

“काकू, प्रश्न मी काकांना विचारलाय.”

मी स्पीच थेरपिस्ट. डोंबिवलीत माझं क्लिनिक आहे. कारखानीस काका निवृत्त मेंटेनन्स इंजिनियर. स्ट्रोकनंतर त्यांना अफेझिया झाला. म्हणजे बुद्धी शाबूत, काय सांगायचं ते ठाऊक, पण शब्द तोंडात येत नाही. दीड महिन्यावर ज्येष्ठ नागरिक संघात त्यांचं भाषण होतं, आजारपणाआधीच ठरलेलं. विषय : विश्वाला सुरुवातच नाही. सेक्रेटरी म्हणाले, कागद द्या, आम्ही वाचून दाखवू. काकांनी मान हलवली. त्यांना स्वतः बोलायचं होतं.

अडचण काकूंची जास्त होती. काका अडले की त्या वाक्य पुरं करायच्या. थेरपीत नियम असतो : पेशंट अडला तर मनात दहा आकडे मोजायचे, तोवर शब्द पुरवायचा नाही. काकू तीनपुढे जात नव्हत्या.

“मॅडम, त्यांचा चेहरा बघवत नाही हो.”

“मग खिडकीबाहेर बघा.”

केळं, छत्री, कात्री अशी चित्रांची कार्डं दाखवून तीन आठवडे गेले. काका कंटाळले. चौथ्या आठवड्यात मी कार्डं बाजूला ठेवली.

“काका, दीर्घिका एकमेकींपासून लांब जातायत, हे शाळेतली पोरंही सांगतात. म्हणजे महास्फोट झाला. विषय संपला.”

काका लाल झाले. काकू काही बोलणार, तेवढ्यात मी खिडकीकडे बोट दाखवलं. त्या तोंडावर हात धरून तिकडे वळल्या. सहा. सात. आठ.

“नाही! प्रकाश... थकतो.”

दीर्घिका लांब जातायत हे त्यांच्या लालसर झालेल्या प्रकाशावरून ठरवतात; पण लांबून येताना प्रकाशाची ऊर्जा खर्च होते, म्हणून तो लालसर होतो. त्यासाठी विश्व पसरायची गरज नाही, असं काकांचं म्हणणं. कल्पना जुनी आहे, शास्त्रज्ञांनी कधीच सोडून दिलेली. मला त्याच्याशी काय करायचंय? मला काकांच्या तोंडून पहिलं क्रियापद मिळालं होतं.

“चाळीस वर्षं हेच ऐकतेय,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “आणि चाळीस वर्षं सांगतेय, आता पुरे करा.”

भाषणाला काकू तक्ते धरून उभ्या होत्या. वीस मिनिटांत काका सात वाक्यं बोलले. कोणी उठून गेलं नाही. मग विज्ञानाच्या एका निवृत्त शिक्षकांनी हात वर केला.

“वाटेत धक्के खाऊन प्रकाश थकत असेल, तर लांबच्या दीर्घिका धूसर दिसायला हव्यात. तशा का दिसत नाहीत?”

काका अडले. मी मोजायला लागले. काकूंकडे पाहिलं तर त्यांचेही ओठ हलत होते. दहा झाले. अकरा. बारा. काकू मोजतच होत्या. चौदा.

“मला... माहीत नाही,” काका म्हणाले.

शिक्षकांनी मान डोलावली. काकू तक्ता गुंडाळत माझ्या कानाशी आल्या. “हे वाक्य मी काही पुरवलं नसतं. लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.”

तेव्हापासून नातेवाइकांना मी पंधरा आकडे मोजायला सांगते.