एकाच नावाचे चार राजे

समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत भाऊंचा उजवा हात वर जायचा आणि तोंडातून "व्हय!" बाहेर पडायचं. त्याने नेमकं काय विचारलंय, हे ते त्यानंतर विचारत.

तुम्ही मावळातल्या एखाद्या बैलगाड्याच्या घाटावर, म्हणजे शर्यतीच्या त्या चढाच्या धावपट्टीशेजारी, भर उन्हात उभे राहिला असाल, तर भाऊंना पाहिलं नसेल तरी ऐकलं नक्की असेल. जत्रेत शर्यत आणि शर्यतीत माइक भाऊंच्या हाती, हे इतकं ठरलेलं होतं की निमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव घालायला लोक विसरत. पत्रिका माझ्याच दुकानात छापल्या जात, म्हणून मला ठाऊक. कामशेतला माझं फ्लेक्सचं, पत्रिकांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. भाऊ दर हंगामात येत, पंख्याखालच्या स्टुलावर बसत आणि माझ्या फ्लेक्सवरच्या बैलांच्या तोंडावर टीका करत.

"ताई, ह्यो बैल हाय का उंदीर? शिंगं कुटं कापली?"

"फोटो तसाच आला होता, भाऊ."

"मंग मालकाला बारीक करा, बैलाला न्हाई. मालक काय पळतोय व्हय?"

नोकरी देहूरोडच्या डेपोत झाली, माइक मात्र जयंतीच्या मिरवणुकीत हाती आला. कुणीतरी "दोन मिनिटं धरता का?" म्हणून दिला आणि भाऊ अर्थातच "व्हय" म्हणाले. तो माइक परत मागायची त्या माणसाला पुढे हिंमत झाली नाही. त्यांच्या घरी जमीन नव्हती, बैल तर कधीच नव्हता. पण तालुक्यातल्या प्रत्येक नामांकित बैलाचं कौतुक त्यांनी आपल्या तोंडाने घडवलेलं होतं. गाडा सुटला की भाऊंचं सुरू व्हायचं, आणि गाडा वर पोचेपर्यंत त्या बैलाच्या मालकाला आपण राज्य जिंकल्यासारखं वाटायचं. लिहून काही आणलेलं नसे. बैल पळाला की शब्द पळत.

या "व्हय"पायी त्यांनी गोंधळही भरपूर घातले. एकदा एकाच दिवशी दोन गावांच्या जत्रा घेऊन बसले. दोन्ही गावांना वाटलं, भाऊ आपले. भाऊंनी सकाळ एका घाटावर काढली, दुपारी स्कूटर हाणत दुसरा गाठला, आणि पहिल्या गावाचे लोक मागोमाग तिथे भांडायला आले, तर त्यांच्याच बैलांचं माइकवरून असं स्वागत केलं की ते लोक फेटे बांधून घेऊन बसले. मी विचारलं, "एकाला नाही म्हणायला काय झालं होतं?" तर म्हणाले, "न्हाई म्हनलं की मानूस तितंच थांबतंय, ताई. व्हय म्हनलं की निदान हालतंय तरी."

मग एका पावसाळ्याअखेर त्यांचा आवाज चिरका यायला लागला. आधी धुळीवर ढकललं, मग चहावर. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की घशाचं ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल, आवाजाची खात्री नाही. भाऊ त्यांनाही "व्हय" म्हणून आले. ते मला दुकानात सांगताना त्यांचा हात मात्र वर गेला नाही. मग म्हणाले, "ताई, घर जळायच्या आदी भांडी भायेर काढतेत का न्हाई? मला माजा आवाज भायेर काढायचाय."

त्यातून वेबसाइट निघाली. मावळातल्या प्रत्येक गाजलेल्या बैलाचं एक पान. वर फोटो, खाली मालकाचं नाव आणि गाव, आणि एक बटण. बटण दाबलं की त्या बैलाचं भाऊंनी केलेलं कौतुक, भाऊंच्या आवाजात.

मी म्हटलं, तयार साच्यातली साइट मिळते, तीत नुसतं भरायचं. भाऊंनी तोंड वाकडं केलं. "दुसऱ्याच्या मांडवात आपलं लगीन कशाला?" डेपोत टायपिंग केलेली बोटं होती, फोनवर धडे बघून बघून त्यांनी साधी पानं स्वतः लिहायला घेतली, माझ्या दुकानातल्या जुन्या संगणकावर. एक कंस राहिला की सगळं पान एका कोपऱ्यात गोळा व्हायचं. भाऊ पडद्यावर बोट नाचवत त्याला दटावत. पहिलं पान धडपणे उघडलं तेव्हा त्यांनी झेरॉक्सला आलेल्या प्रत्येकाला ते दाखवलं, त्यात एक बाई रेशनकार्डाच्या घाईत होत्या, त्यांनाही सोडलं नाही.

आवाज मात्र फोनवर घेतला, दुकानामागच्या खोलीत. तिथे फ्लेक्सचे रोल भिंतीला लावून उभे असतात, त्यामुळे आवाज घुमत नाही. भाऊ डोळे मिटून रोलांच्या मधोमध उभे राहत आणि समोर घाट असल्यासारखे सुरू होत. आवाज चिरका झाला होता, पण गाडा सुटला की त्याला काही आठवत नसे. मी काउंटरवर गिऱ्हाईक थांबवून ऐकत असे. गिऱ्हाईकही थांबत असे.

एकच अडचण होती. मावळात बैलांची नावं फार नाहीत, आणि त्यातही राजा सगळ्यांना हवा. भाऊंच्या यादीत चार राजे निघाले, चार गावांचे. मी सुचवलं, राजा एक, राजा दोन, असे आकडे घाला.

"येड्या का काय, ताई? त्येचा राजा दोन नंबर म्हनल्यावर मालक मला घाटावर पाय ठिवू देईल?"

शर्यतीच्या मुलखात हे खरंच होतं. पानांना आणि फोटोंना गावाचं नाव होतंच, मग आवाजांसाठी त्यांनी फोनमध्ये प्रत्येक गावाचा वेगळा कप्पा केला आणि प्रत्येक कप्प्यात एक राजा ठेवला. कुणी पहिला नाही, कुणी दुसरा नाही. मला ते पटलं.

आता, साइट आपल्या संगणकावर असेपर्यंत ती आपल्यालाच दिसते. जगाला दिसायची तर ती कायम चालू असणाऱ्या दुसऱ्या एका संगणकावर, सर्व्हरवर, नेऊन ठेवावी लागते. तिथे जागा भाड्याने घेऊन झाली होती. ज्या कप्प्यात साइट ठेवायची त्याच्या नावातच पब्लिक हा शब्द होता, त्यावर भाऊ बेहद्द खूश झाले. "म्हंजे पब्लिक हितं बसतंय. बरोबर हाय, पब्लिक बसल्याबिगर गाडा सोडायचा न्हाई."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लोणावळ्याच्या एका हॉटेलचा बोर्ड लावायला मी गेले होते आणि दुकान भाऊंवर सोपवलं होतं. साइट चढवायचा मुहूर्त त्यांनी तोच धरला. दुकानात असलेल्या लोकांनी नंतर मला ते सगळं करून दाखवलं. एकेक फाइल वर जाताना हिरवी पट्टी सरकते ना, भाऊंनी तिचं निवेदन केलं. "सुटली, सुटली, बादलची फाइल सुटली! अर्ध्यात आली! मागं वळून बघंना!" लोक झेरॉक्स विसरून टाळ्या वाजवत होते. फोन संगणकाला जोडून, गावोगावचे कप्पे उघडून भाऊ आतले बैल बाहेर काढत होते आणि सर्व्हरवरच्या त्या एकाच पब्लिकच्या कप्प्यात सोडत होते. दुसरा राजा आला तेव्हा संगणकाने विचारलं, या नावाची फाइल इथे आधीच आहे, ती पुसून ही ठेवू का? भाऊंनी माणसांचं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नव्हतं, संगणकाचं कशाला होऊ देतील? हात वर, "व्हय!" आणि बटण. तिसऱ्याला तेच, चौथ्याला तेच. प्रत्येक राजाने आधीचा राजा पुसला.

मग दवाखान्यात फोन मोकळा हवा म्हणून त्यांनी फोनमधलं सगळं काढून टाकलं, आणि समाधानाने घरी गेले.

भाऊ दवाखान्यात असतानाच माझ्या काउंटरवर एक मालक उभा राहिला. धोतर, हातात फोन, डोळे लाल. "हे काय लावलंय? फोटू माज्या राजाचा आन् कौतुक त्या नदीपल्याडच्याचं! माज्या बैलाच्या तोंडात त्याचं गाव?" मी बटण दाबून बघितलं. मग बाकीची तीन पानं उघडली. चारही राजांच्या पानावर एकच राजा बोलत होता, शेवटी चढवलेला. सर्व्हरवाल्यांकडे विचारलं, जुनी नक्कल नव्हती. भाऊंचा फोन मागवून त्यातून परत काढायचा खटाटोप केला, जमला नाही. घाटावर लोकांनी घेतलेले व्हिडिओ होते, त्यात शिट्ट्या जास्त आणि भाऊ कमी.

भाऊ परत आले ते गळ्याला मफलर गुंडाळून. आवाज गेला होता. उरली होती ती नुसती वाऱ्याची घरघर, कान जवळ नेला तर शब्द कळत. मी त्यांना स्टुलावर बसवून झालं ते सांगितलं. मला वाटलं होतं, काहीतरी थट्टा करतील. त्यांनी चारही पानं स्वतः उघडून ऐकली आणि पडद्यापुढे मान खाली घातली. "माज्या हातानं तीन राजं मारलं, ताई," एवढंच ते घरघरले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पण हा माणूस थांबणाऱ्यातला नव्हता. आठवडाभरात माझ्यापुढे एक कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'आवाज माझा गेला. शब्द मालकांपाशी आहेत.' आणि ते खरंच होतं. भाऊंना आपलं कौतुक आठवत नसे, ते त्या त्या धावेला सुचायचं. पण मालकांनी ते इतक्या वेळा ऐकलेलं, इतक्या वेळा बैठकीत सांगितलेलं होतं की पाठ झालेलं होतं. मग आम्ही दोघं निघालो, माझ्या गाडीवर, माझा फोन घेऊन.

लाल डोळ्यांच्या मालकाने गोठ्यासमोर उभं राहून असं निवेदन केलं की शेजारचे कुत्रे भुंकायला लागले. त्यात त्याने स्वतःचं नाव जरा जास्त वेळा घातलं. भाऊंनी हाताने खूण केली, मालक लहान कर. दुसऱ्या राजाच्या मालकाला मधेच हसू फुटायचं, त्याला तीनदा पुन्हा बोलायला लावलं. भाऊ समोर उभे राहून दोन्ही हातांनी वेग देत, गाडा सुटला, अर्ध्यात आला, आता ताण, आता सोड. त्यांचा चेहरा त्या वेळी पहिल्यासारखा दिसायचा.

तिसरा राजा तिकोणा पेठेचा. तो बैलही नव्हता आता आणि मालकही. मागे होत्या मालकाच्या पत्नी, साऱ्या गावाच्या मावशी. मला शंका होती, कारण मावशी घाटावर कधी गेल्याच नव्हत्या, त्यांच्या काळी बायका जात नसत. तसं मी म्हणाले.

"मी कशापायी जाऊ?" मावशी म्हणाल्या. "समदा घाट माज्या अंगनात यायचा की भोंग्यावरनं. भाकऱ्या थापताना ऐकायची. भाऊंनी माज्या राजाचं नाव घेतलं की तव्यावरची करपायची."

मी फोन पुढे धरला. मावशी पदर सावरून बसल्या आणि अगदी सावकाश, घरातल्या माणसाशी बोलावं तशा बोलू लागल्या. "तिकोन्याच्या पायथ्याचा राजा आला. कपाळावर चांद घिऊन आला. धुरळा मागं, मालक मागं, राजा म्होरं..." एक शब्द चुकला नाही. भाऊ त्यांच्याशेजारी मांडी घालून ऐकत होते, हात मांडीवर, खुणा नाहीत. शेवटाला येऊन मावशी थांबल्या.

"म्होरलं मला येतंय. पर ते माज्या तोंडचं न्हाई. गाडा वर पोचवायचा तो तुमीच, भाऊ."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनवर वाकून, गळ्यावर हात दाबून, त्यांनी ती शेवटची ओळ म्हटली. "पोचला रं, पोचला माजा राजा." नुसता वारा होता. पण शब्द कळत होते. मी म्हटलं, एवढं पुन्हा घेऊ या का, जरा जवळ धरून? मावशींनी माझा फोन हाताने झाकला. "ऱ्हाऊ द्या तसंच."

ते तसंच राहिलं. भाऊंनी तीनही आवाज माझ्यासमोर बसून आपापल्या गावाच्या कप्प्यात चढवले. साइट पुष्कळ बघितली गेली. जत्रेच्या कमिट्या आपल्या पत्रिकेवर तिचा पत्ता छापून घेऊ लागल्या, आणि फ्लेक्सवरच्या बैलांवर टीका करायला भाऊ लेखी चिठ्ठ्या पाठवू लागले.

दुखणं परत उलटलं आणि यंदाच्या थंडीत भाऊ गेले. माइक आता दुसऱ्याच्या हातात आहे, बरा आहे मुलगा.

मागच्या आठवड्यात वहिनी, भाऊंच्या पत्नी, दुकानात आल्या. हातात भाऊंचाच फोन. "त्यांचा आवाज हाय म्हनत्यात तुमच्याकडं. ऐकवा की जरा." मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि शेवटी चढवलेल्या त्या राजाचं पान उघडलं, भाऊंचा भरदार, घाट दणाणून सोडणारा आवाज. वहिनींनी थोडं ऐकलं आणि मान हलवली.

"ह्यो पब्लिकचा, ताई. ह्यो समद्यांनी ऐकलाय. शेवटाला ज्यानं माज्याशी बोलायचं तो लावा."

मी मावशींच्या राजाचं पान काढलं. वहिनी मावशींचं सगळं सावकाश बोलणं न हलता ऐकत बसल्या. मग ती घरघर आली, पोचला रं, पोचला माजा राजा, आणि आवाज संपला. वहिनींनी फोन माझ्यापुढे केला.

"कुटं दाबायचं, तेवडं मला दावा."