निवडेल आणि उरेल

एअर पिस्तुलाचा छर्रा शिशाचा असतो, तरी तळहातावर ठेवला तर त्याचे ओझे जाणवत नाही. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. तोंड चपटे, कंबर बारीक आणि खाली पोकळ घेर. माझ्या यजमानांनी पहिल्यांदा तो माझ्या हातावर ठेवला तेव्हा मी म्हणाले, "ही तर परकर नेसलेली बाहुली."

"परकर फाटेल असला तं बाहुली सरळ चालत नाई," ते म्हणाले. "तेच तं पाहा लागते."

"फाटलेला म्हणा," मी म्हणाले.

"घ्या. मास्तरीणबाईले फाटेल चालत नाई."

मी मूळची कऱ्हाडकडची. लग्न होऊन अमरावतीला आले आणि राजापेठेजवळच्या एका शाळेत बावीस वर्षे मराठी शिकवते आहे. इथे 'बसलेला' न म्हणता 'बसेल' म्हणतात, 'ठेवलेले' न म्हणता 'ठेवेल'. मुलांच्या निबंधात 'पुस्तक टेबलावर ठेवेल आहे' असे आले की मी लाल शाईने गोल करते आणि बाजूला लिहिते : हा भविष्यकाळ झाला. यजमान हे सगळे ऐकत, हसत, आणि मला चिठ्ठी लिहायची असली की अगदी पुस्तकी मराठीत लिहीत. माझ्यासमोर चुकायला नको म्हणून असेल. त्यामुळे त्यांची बोली मी रोज ऐकली, पण त्यांच्या अक्षरात कधी वाचली नाही.

आमची मुलगी तेरा वर्षांची असताना शाळेच्या शिबिरात तिने पहिल्यांदा पिस्तूल हातात धरले. आता ती सतराची आहे. तिचे पिस्तूल जुने, एका खेळ सोडलेल्या मुलाकडून घेतलेले. त्यात एका वेळी एकच छर्रा बसतो. लीव्हर उघडायची, छर्रा बोटाने आत सारायचा, लीव्हर मिटायची, हात उचलायचा, दहा मीटरवरच्या कागदावर नेम धरायचा, घोडा ओढायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. स्पर्धेत असे साठ वेळा.

पिस्तूल एकदा घेतले की संपले असे मला वाटले होते. छर्रे मात्र रोज लागतात. परदेशी डबे फार महाग. देशी डबे स्वस्त, पण त्यातला एक छर्रा जड निघतो, एक हलका, एखाद्याचा घेर दबलेला. नेम बरोबर असूनही असा छर्रा बाजूला जातो आणि मुलीला वाटते, आपला हात हलला.

यजमान अकोल्याला एका जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होते. सोमवारी जात, शनिवारी येत. कापसाचा झुपका दोन अंगठ्यांमध्ये ओढून धाग्याची लांबी सांगायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. परदेशी डब्याची किंमत ऐकून त्यांनी एक छर्रा चिमटीत धरून उजेडात फिरवला.

"ते लोक निवडून भरतात, त्याचेच पैसे घेतात," ते म्हणाले. "निवडाचं काम तं आपल्याले येते. मंग काहून द्याचे?"

तेव्हापासून दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर खिडकीची एक जुनी काच यायची. तिला उतार हवा म्हणून एका कडेखाली ते माझे शालेय व्याकरणाचे पुस्तक सरकवायचे. दुसरे कोणतेही पुस्तक दिले तर घेत नसत. म्हणत, याचीच जाडी बरोबर आहे. वरच्या कडेला छर्रा आडवा सोडला की घेरामुळे तो सरळ न जाता वळत वळत खाली येतो. चांगले छर्रे एकाच वळणाने येतात. घेर दबलेला असला तर मध्येच अडखळतो, नाहीतर भलतीकडे जातो. जे नीट आले ते सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर एकेक करून तोलायचे. पाचशेंच्या डब्यातून शंभर-सव्वाशे त्यांच्या मनास येत. ते स्पर्धेसाठी. बाकीचे सरावाला. आणि काम संपले की शिसे हाताला लागलेले असते म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय ते कुणाला पाण्याच्या पेल्यालाही हात लावू देत नसत.

गेल्या वर्षी त्यांना आजाराने गाठले. अकोल्याचे काम सुटले. शेवटचे दोन महिने ते घरीच, खिडकीजवळच्या पलंगावर होते. खाली क्लासला जाणाऱ्या मुलांच्या गाड्यांचा आवाज असायचा, आणि वर काचेवरून शिसे घरंगळण्याचा बारीक आवाज. बोटे ऐकेनाशी झाली तेव्हा ते छर्रे चिमट्याने उचलू लागले. मी म्हटले, आता पुरे. ते म्हणाले, "पोरीची मॅच हाय ना." दोन वर्षे तिचे राज्य स्पर्धेत जाणे थोडक्यात हुकले होते, आणि या वयोगटातले तिचे हे शेवटचे वर्ष होते.

दिवाळीनंतर ते गेले.

तेरावा झाल्यावर मी त्यांचे कपाट आवरले. औषधांच्या मागे छर्ऱ्यांचे दोन चपटे गोल डबे होते. सलाइनची सुई धरून ठेवायला लावतात त्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा प्रत्येकावर लावलेला आणि त्यावर बॉलपेनने एकेक शब्द. एकावर 'निवडेल'. दुसऱ्यावर 'उरेल'.

मी दोन्ही शब्द वाचले, आणि मला जसे वाचता येतात तसे वाचले. पहिला डबा अजून निवडायचा आहे, ती निवडेल. दुसरा तिच्यासाठी उरेल, मागे राहील. त्या दुसऱ्या शब्दापाशी मी बराच वेळ बसून राहिले. माणूस जाताना काय लिहून जातो, असे वाटले. मग पहिल्या डब्यातले छर्रे, न निवडलेले समजून, मुलीच्या सरावाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत ओतले आणि 'उरेल'चा डबा देवघराच्या खणात, स्पर्धेसाठी, जपून ठेवला.

पुढचे तीन आठवडे ती फार चांगली खेळली. संध्याकाळी रेंजवरून आली की कागदी लक्ष्ये माझ्यासमोर पसरायची. सगळी भोके मध्यभागी, एकमेकांना लागून. वडील गेल्यावर पहिल्यांदा ती जेवताना बोलू लागली होती.

स्पर्धेला चार दिवस होते तेव्हा आम्ही पिस्तुलाचे वायसर बदलायला अकोल्याला गेलो. तिथे जुन्या बाजारात एक चाचा आहेत. वजनकाटे दुरुस्त करतात, सोबत एअरगनही. यजमानांचे तीस वर्षांचे स्नेही. त्यांनी वायसर बदलले, पिस्तूल लोखंडी शिकंज्यात आवळले आणि दुकानामागच्या बोळात दहा मीटरवर कागद लावला. शिकंज्यात माणसाचा हात नसतो, त्यामुळे छर्रा कसा आहे तेवढेच कळते.

"मॅचचे दे," ते मुलीला म्हणाले.

माझ्या रुमालात गुंडाळलेला देवघरातला डबा तिने पिशवीतून काढून दिला. त्यांनी पाच छर्रे मारले आणि कागद आणून बाकावर ठेवला. पाच भोके पाच दिशांना होती. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि डब्यावरची पट्टी वाचली.

"बेटा, हे उरेल-सुरेल घेऊन मॅच खेळाले चालली का तू? निवडेल कुठं हाय?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी डब्याकडे.

"निवडेल म्हणजे…" मी म्हणाले.

"म्हणजे निवडेल, भाभी. निवडून ठेवेल. हे त्याच्यातून उरेल." ते अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावे तसे सांगत होते. "पुढं निवडायचे असते तं त्यानं 'निवडन' लिवलं असतं."

मला हे माहीत होते. बावीस वर्षे मी हेच तर खोडत आले होते.

"मंग मी मारले ते?" मुलगी म्हणाली. "सरावात?"

"ते निवडलेले होते," मी म्हणाले.

ती रडली नाही. बाकावरच्या कागदाची कड दुमडत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी सुधरून नव्हती राहिली. ते बाबांचे छर्रे होते."

"ओ शहाणे," चाचा म्हणाले, "छर्रा काय आपोआप उडत जाते? हात तुयाच होता ना? का तोही तुया बापानं निवडून ठेवेल होता?"

तिला थोडे हसू आले, आणि मग मात्र ती रडली. चाचांनी शिकंजा पुसायला घेतला आणि तिच्याकडे पाठ केली.

प्लास्टिकच्या डबीत वडिलांचे अकरा छर्रे शिल्लक होते. मला वाटले, निदान ते तरी स्पर्धेत वापरावेत. चाचा नको म्हणाले. अकरा एक आणि बाकीचे दुसरेच, असे मिसळले तर नेम कुठे लावायचा ते तिला कळणार नाही. "त्यायले मारू नका," ते म्हणाले. "त्यायले विचारा." आणि त्यांनी स्वतःकडचे देशी छर्ऱ्यांचे दोन सीलबंद डबे आमच्या पिशवीत टाकले.

घरी आल्यावर मी टेबलावर काच मांडली. कडेखाली व्याकरणाचे पुस्तक सरकवले. पुठ्ठ्यावर काचेच्या कडेचा दाब पडून एक सरळ खोल रेघ उमटली होती, ती मी आधी कधी पाहिली नव्हती. काच त्या रेघेत बरोबर बसली. मग ते अकरा छर्रे एकामागून एक सोडले. प्रत्येक जण एकाच वळणाने खाली आला आणि जवळजवळ एकाच जागी थांबला. मुलीने त्या वळणावर स्केचपेनने काचेवर रेघ ओढली. मग अकराही तोलले, आणि काट्यावरच्या आकड्यातला फरक नसल्यासारखाच होता. इतक्या दिवसांत मी त्यांना कधी विचारले नव्हते की तुमच्या मनास येतो म्हणजे नेमके काय. आता ते समोर काचेवर दिसत होते.

तीन दिवस शाळेतून आले की मी तेच केले. चाचांचे दोन्ही डबे आणि 'उरेल'चाही. त्यात काही मिळेल असे वाटले नव्हते, पण चार-पाच निघाले. थकल्यावर त्यांच्या बोटांतून निसटलेले असावेत. पहिल्या दिवशी मी फार घेतले, दुसऱ्या दिवशी त्यातले निम्मे परत टाकले. रेघेपासून जरा दूर गेलेला छर्रा हातात घेऊन, 'चालेल' असे मनात यायचे. तो बाजूला ठेवायला शिकणे म्हणजेच निवडणे, हे मला या वयात कळले. शेवटी शंभर आणि वर थोडे भरले. मुलगी रेंजवर जाऊन त्यातले दहा मारून आली आणि म्हणाली, "बाबांच्या इतके नाई. पण सरळ जातात."

ते अकरा आम्ही परत 'निवडेल'च्या डब्यात ठेवले आणि 'उरेल'ची पट्टी काढून त्याच डब्यावर लावली. त्यावर आता दोन्ही पट्ट्या आहेत. दोन्ही खऱ्या आहेत.

राज्य स्पर्धेसाठीची ही निवड स्पर्धा अमरावतीलाच होती. पालकांना दोरीमागे बसायला जागा असते. मला लक्ष्य दिसत नव्हते, फक्त तिची पाठ आणि उजवा हात दिसत होता. हात वर जायचा, थांबायचा, कधी न मारताच खाली यायचा. मग ती डबीतून एक छर्रा उचलायची, भरण्याआधी बोटांत क्षणभर फिरवायची, अगदी कापसाचा धागा पाहावा तशी. हे तिला कुणी शिकवले नव्हते. किती मारले ते मोजणे मी सोडून दिले होते.

दुपारी दाराजवळच्या फळ्यावर राज्य स्पर्धेला जाणाऱ्यांची यादी लागली. गर्दीत शिरायचे धैर्य मला झाले नाही. ती एकटीच गेली. बऱ्याच वेळाने परत आली ती दोन्ही हात ट्रॅकसूटच्या खिशात घालून.

"आहे का नाव?"

"हाय," ती म्हणाली. "पार खाली हाय. शेवटचं. पण निवडेल हाय."

मी काही दुरुस्त केले नाही. पिशवीतून डबा काढला, त्यात पोळी-भाजी होती. तिने लगेच हात पुढे केला. तिची बोटे शिशाने काळी झाली होती.

"आधी हात धू," मी म्हणाले.