मी गाळलेली ओळ

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लिनिकच्या काउंटरवरच होते. दीड महिना झाला. क्वीन्सटाउनच्या त्यांच्या फ्लॅटवर आपली मराठी मंडळी जमली होती, आणि कुणीतरी म्हणालं, "बाई चांगल्या, पण फार ताठ." मी ऐकून घेतलं. गप्प बसण्यात माझा हात धरणारं कुणी नाही... म्हणून आता लिहिते आहे.

ताई मूळच्या सांगलीच्या. इंग्लंडमध्ये वीस वर्षं बाळंतपणं केलेल्या मिडवाइफ. एखाद्या मुलीचं गुप्तांग कापलेलं दिसलं किंवा तिने तसं सांगितलं, तर मिडवाइफने स्वतः पोलिसांना कळवायचं, असा तिकडे कायदा. इथे, या शहराएवढ्या देशात, तसा कायदा नाही. "कायदा नाही म्हणून डोळेही नाहीत का गं?" त्या मला विचारायच्या, आणि मी हसून चहा पुढे करायचे.

आमच्या क्लिनिककडून त्या बाळंतिणींच्या घरी जायच्या, हाताने टिपणं लिहायच्या. ती कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं. तीन वर्षांपूर्वी एका टिपणाच्या शेवटी होतं, 'आईला लहानपणी कापलंय. आजी म्हणते मुलीचंही करणार. आई घाबरलेली. डॉक्टरांनी बोलावं.' ही ओळ मी गाळली. त्यांच्या घरची रीत, आपण कशाला मध्ये पडा, पेशंट तुटतील... कारणं मला तोंडपाठ होती. आठवड्याने ताईंनी विचारलं, "डॉक्टर बोलले ना?" मी म्हटलं, "हो."

पुढे ती आई बाळाच्या लशीसाठी आली. खालच्या आवाजात, इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाली, "डन ऑलरेडी ला. स्मॉल कट ओन्ली." मग म्हणाली, डॉक्टर सासूबाईंना काही सांगतील, असं तिला वाटलं होतं.

'स्मॉल'. या शब्दाचा मला अजून संताप येतो, आणि तो तिच्यावर नाही. तान्ह्या पोरीला लावलेलं पातं कुणाच्या मापाने छोटं? ज्यांनी कापलं, ज्यांनी माना डोलावल्या, त्या सगळ्यांवर मी चिडते. पण ते थांबवू शकणारी ओळ माझ्या हातात होती. ताई माझ्या 'हो'वर विश्वास ठेवून गेल्या. आणि लोक त्यांना ताठ म्हणतात.

ती आई आता पुन्हा गरोदर आहे. याही वेळी मुलगी, इथे ते आधीच सांगतात. (तिचं कुटुंब ओळखू येईल असं इथे काही दिलेलं नाही, तेवढं गाळणं मात्र योग्य.) मागच्या आठवड्यात ताईंचं जुनं टिपण काढून मी ती ओळ नोंदीत घातली, कुणी गाळली तेही लिहिलं आणि डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले. "तीन वर्षं?" एवढंच ते म्हणाले. माझ्या नोकरीचं काय ते ठरेल.

ताईंची एक सवय होती. आईशी बोलायचं ते दार लावून, तिच्या एकटीशी. ती आई तपासणीला आली तेव्हा डॉक्टरांनीही तसंच केलं. सासूबाई बाहेर चुळबुळत होत्या. शेवटी काउंटरशी आल्या. "इतका वेळ काय चाललंय आत?"

"बोलायला हवं ते बोलतायत," मी म्हटलं. "बसा आंटी. वेळ लागेल."