दिघेकाकांचा खुंट

किस्से निवडुंगाच्या पिल्लांसारखे असतात. एक काढून दुसरीकडे लावलं, की मूळ झाडाला आणखी दोन फुटलेली! आमच्या रविवारच्या निवडुंग मंडळाचं तर विचारूच नका.

मंडळ म्हणजे चार टाळकी. कोयलीच्या रिफायनरीतून रिटायर झालेला मी, कॉलेजात बॉटनी शिकवणाऱ्या सुलभाताई, लहरीपुऱ्यात बियाण्यांचं दुकान असलेले कांतीभाई, आणि ज्यांच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, आम्ही जमतो ते दिघेकाका. काका ड्रॉइंगचे मास्तर, पंचाहत्तरी ओलांडलेले, पणजोबांपासून बडोद्यातले. आता मुलगी त्यांना पुण्याला नेणार आहे. जावयानं फ्लॅट बघितला, मुलीनं तारीख काढली, घराला गिऱ्हाईकही मिळालं. प्रश्न उरला अगाशीवरच्या त्या सरळसोट हिरव्या निवडुंगाचा. काकींनी वारण्यापूर्वी वीतभर तुकडा लावला होता, तो आज काकांच्या डोक्यावरून गेलाय. मुलगी म्हणते, "बाबा, इकडे बाल्कनी छोटी आहे."

झाडाचं काय करायचं, हा विषय निघाला की सुलभाताई थेट अमेरिकेत शिरतात! तिथल्या मूळ रहिवाशांनी देवाशी बोलायला, आजाराचं कारण शोधायला ज्या वनस्पती वापरल्या, तो त्यांचा अभ्यासाचा विषय. आपण "नशेची झाडं" म्हणालो की संपलं. "नशा तुमची! त्यांच्यासाठी ते औषध आहे, कुणी तर त्याला आजोबा म्हणतात," असं म्हणून त्या डोळे वटारतात. मी आयुष्यभर पाइप आणि व्हॉल्व्ह बघितलेला माणूस. पण त्या बोलायला लागल्या की माझा चहा निवून जातो.

*

एकदा विषय तंबाखूचा निघाला.

"तंबाखू मूळची तिकडचीच," सुलभाताई म्हणाल्या. "तिथल्या कितीतरी लोकांना ती पवित्र. तिचा धूर म्हणजे वर जाणारी प्रार्थना! उगाच चाळा म्हणून तिला हात लावायचा नाही."

कांतीभाईंच्या गालात तेव्हा मावा होता. ते हळूच उठले, कोपऱ्यात जाऊन तोंड रिकामं करून आले आणि हात जोडून म्हणाले, "बेन, पहेलां कह्युं होत तो हुं चंपल काढीने खात!"

सवय काही सुटली नाही. पण त्या दिवसापासून पुडी उघडायच्या आधी ते ती कपाळाला लावतात. आम्ही हसतो, ते हसत नाहीत.

*

प्रतापनगरला रेल्वे क्वार्टर्सच्या एका कुंपणावर निळ्या फुलांचा वेल आहे. सुलभाताईंनी तिथे माझी स्कूटर थांबवायला लावली आणि देवळात उभं राहावं तशा वेलासमोर उभ्या राहिल्या.

घरातल्या वहिनी बाहेर आल्या. ताई त्यांना म्हणाल्या, "अहो, मेक्सिकोत जुन्या काळापासून जाणती माणसं या जातीच्या वेलाकडे प्रश्न घेऊन जायची. हरवलेली वस्तू कुठे आहे, चोर कोण, घरात आजारपण कशानं आलं... सगळं त्याला विचारायचं!"

माझ्या अंगावर काटा आला. कुंपणावरचा वेल, ज्याला आपण साधं पाणी घालायचेही कष्ट घेत नाही, त्याच्यापुढे कुणी आपलं सगळं दुःख मांडत होतं!

वहिनींनी वेलाकडे बघितलं, मग घराच्या दाराकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्याकडे ते काम सासूबाई करतात."

*

मेक्सिकोतल्याच एका जमातीचा किस्सा ताईंनी एकदा अगाशीवर सांगितला. बिनकाट्याचा, बटणाएवढा निवडुंग. त्याच्यासाठी ती माणसं लांबची यात्रा करून वाळवंटात जातात. सापडला की आधी त्याच्यापुढे बसतात, त्याची क्षमा मागतात आणि मग वरचा भाग कापतात. मूळ जमिनीतच ठेवतात, पुन्हा फुटावा म्हणून.

मी हे घरी सांगितलं. बायकोनं फारच मनावर घेतलं. ती रोज सकाळी शेजारच्या हंसाबेनच्या कंपाउंडमधली जास्वंद पूजेला आणते. दुसऱ्या दिवशी फूल तोडण्याआधी तिनं झाडाला हात जोडले आणि "सॉरी हं" म्हणाली.

वरच्या गॅलरीतून हंसाबेनचा आवाज आला, "झाडने सॉरी कहो छो, मने क्यारे कहेशो?"

*

आता गेल्या रविवारचं.

आधी खुंट म्हणजे काय ते सांगतो. लाल-पिवळ्या गोळ्यांसारखे शोभेचे निवडुंग स्वतःच्या मुळांवर जगत नाहीत. मग एखाद्या दांडग्या हिरव्या निवडुंगाचं डोकं उडवायचं आणि त्यावर तो रंगीत गोळा बांधायचा. खालचा तो खुंट. त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. काकांच्या झाडाचे तसेच दहा-बारा खुंट करून सगळ्यांनी वाटून घ्यायचे, असं ठरलं. काका म्हणाले होते, "करा तुम्हाला करायचं ते." कांतीभाई आरी घेऊन आले होते.

तेवढ्यात काकांची एक जुनी विद्यार्थिनी पाहुणीला घेऊन आली. पाहुणी पेरू देशाच्या डोंगराळ भागातली कुंभारीण, रोसा नावाची, इथे वर्कशॉपसाठी आलेली. आम्ही हौसेनं रंगीत गोळे दाखवायला लागलो. तिचं लक्षच नव्हतं. ती त्या उंच झाडापाशी गेली, डोक्यावरची हॅट काढली आणि डोळे मिटून उभी राहिली.

विद्यार्थिनी भाषांतर करत गेली. "ती म्हणते, त्यांच्या गावाकडे आजारी माणसाला बरं करायला बसतात, तेव्हा हा निवडुंग सोबत असतो. स्वर्गाच्या दाराच्या किल्ल्या ज्या संताकडे आहेत, त्याचं नाव दिलंय याला."

स्वर्गाची किल्ली! आणि आम्ही त्याला खुंट म्हणत होतो. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, हात आपोआप जोडले गेले.

रोसाला आरी दिसली. तिनं शांतपणे काहीतरी विचारलं.

विद्यार्थिनी अडखळली. "ती म्हणते, कापायला हरकत नाही, तुकडे पुन्हा रुजतात. पण... त्याला विचारलंत का?"

कांतीभाईंनी आरी पाठीमागे नेली. मग काका म्हणाले, "तुम्ही खाली चहा घ्या. मी आलोच."

आमचे कप रिकामे झाले, सुलभाताईंनी दोनदा जिन्याकडे बघितलं, तेव्हा कुठे काका उतरले. कठडा धरून, सावकाश. डोळे लाल होते.

वातावरण हलकं करायला कांतीभाईंनी विचारलं, "केम काका, पूछ्युं?"

"विचारलं."

"तो शुं कह्युं?"

काका खुर्चीत बसले.

"म्हणाला, 'दिघे, तुम्हाला विचारलं होतं का कुणी?'"