वरच्या खाचराचं पाणी

भाताच्या खाचरात पाणी साचलेलंच असायला हवं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. सांगलीच्या कॉलेजात शेतीच्या तासाला सरांनी एकदा उलटंच सांगितलं. रोपाला बुडातून फुटवे आले की मधूनमधून पाणी तोडावं, जमिनीला बारीक भेगा पडू द्याव्यात. मुळांना हवा मिळते, माती सुधारते, पाणीही वाचतं. सर इंग्रजीत शिकवत. मला निम्मंच कळलं. किती दिवस तोडायचं, हे विचारायचं होतं, पण वर्गात उभं राहायचा धीर झाला नाही.

दुष्काळाच्या पुढच्या साली गणपतीच्या सुट्टीत वाईकडच्या आमच्या गावी आलो, तर पावसानं ओढ दिलेली. ओढ्यावरून येणाऱ्या पाटाला जेमतेम पाणी होतं. मी खाचरातलं एक रोप उपटलं. मुळं काळी पडली होती आणि चिखलाला कुजका वास होता. वडिलांना दाखवलं.

"आबा, चार दिवस पानी तोडूया."

"उभ्या भाताचं?" आबांनी मुळं नाकाशी नेली. "कालिजात आसं शिकवत्यात?"

"व्हय."

त्यांनी लगेच चिखलाचा गोळा उचलून पाटाचं तोंड बुजवलं. मला आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी आमच्या खाचराला भेगा दिसू लागल्या. त्याच सकाळी माझे चुलते, तात्या, बांधावर आले. लष्करातून निवृत्त झालेले, आवाज तसाच.

"आरं शास्त्रज्ञा, तुजं पानी वाचलं, पन माजं भात चाललं की!"

त्यांचं खाचर आमच्या खाली होतं. पाटाचं पाणी आधी आमच्यात भरायचं आणि मग बांधावरून त्यांच्यात उतरायचं. भावाभावांच्या वाटणीत जमीन, बैल, भांडी सगळं वाटलं गेलं, पण आपोआप खाली जाणारं पाणी वाटायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"आमचं भात गरवं, तात्या, अजून फुटव्यात हाय," मी म्हणालो.

"माजं हळवं हाय, लवकर येनारं. पोटरीत आलंय, लोंबी भाईर पडायचीच बाकी. आता पानी न्हाई मिळालं तर लोंबीत दाना भरंल का? सांगितलं का तुज्या सरांनी?"

सांगितलं असेल, नसेलही. "सरांनी सांगितलं ते आमच्या खाचरापुरतं," मी कसंबसं म्हणालो.

"मग पान्याला सांग की, पुतन्याचं खाचर कुठलं नि चुलत्याचं कुठलं!"

आबा पाटाचं तोंड उघडायला निघाले. पण मला दिसत होतं, आता आमच्या भेगाच आधी पाणी पिणार. एवढ्याशा धारेला खाली पोचायला किती वेळ लागेल कुणास ठाऊक. मी तसं बोललो, तेव्हा आबा आणि तात्या माझ्याकडं बघू लागले.

आई रुंद बांधावरच्या तिच्या तुरीपाशी उभी होती. तिनं एक रोप उपटून बाजूला टाकलं. "पाटापास्नं ह्या बांधावरनं चारी काढा. पानी आपल्यात न शिरता सरळ भावजींच्या खाचरात जाईल. बघत काय बसलाय? खोरं आना."

दुपारपर्यंत आबा, तात्या आणि मी खणत होतो. पाणी तात्यांच्या खाचरात शिरलं, तेव्हा ते रोपांच्या बुडाशी बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

दोन दिवसांनी पाऊस आला नि दोन्ही खाचरं काठोकाठ भरली. तात्यांच्या भाताचा एक कोपरा पोचट निघाला, बाकीचं भरलं. आमचं भात चांगलं झालं. पाणी तोडल्यानं की पावसानं, मला सांगता आलं नाही. तात्यांनीही त्या कोपऱ्याचा विषय कधी काढला नाही, फक्त मला शास्त्रज्ञ म्हणत राहिले.

पुढच्या साली आबांनी ती चारी बुजवली नाही. आईनं तूर पलीकडच्या बांधावर लावली. मी सुट्टीला आलो, तर दोघं भाऊ चारीच्या तोंडाशी बसलेले.

"ये," आबा म्हणाले. "औंदा आमचं पानी कवा तोडायचं? तात्याचं चालूच ठेवतो."

किती दिवस तोडायचं, हे मी सरांना अजून विचारलं नव्हतं. खाचरात उतरलो आणि एक रोप उपटून मुळं बघू लागलो. तात्याही वाकून बघत होते.