दादाची टिक

दादा डेंग्यूत गेला, त्याचा आठवा दिवस. संध्याकाळी पाचला आमच्या चिपचा आराखडा पाठवायचा होता.

पाली गावातल्या घराची माडी हीच आमची कंपनी. विहिरीवरची मोटार कमी दाबात जळू नये म्हणून चिप करत होतो. सरकारच्या संशोधन योजनेत निवड झाली, म्हणून महागडं सॉफ्टवेअर फुकट मिळालं. अनेक छोट्या कंपन्यांच्या चिपा सिलिकॉनच्या एकाच चकतीवर छापून मिळणार होत्या. चकती एकदा छापली की चूक खोडता येत नाही.

आमचा एक नियम होता. ज्यानं रेखाटलं त्यानं एकट्यानं तपासायचं नाही. मी रेखाटायचो, आणि चिपच्या कोणत्या टोकाला काय जोडायचं ती यादी दादा मोठ्यानं वाचून टिक करायचा. अर्ध्या यादीवर त्याच्या टिका होत्या. उरलेली मी एकटाच वाचू लागलो, पण भीतीनं अक्षरं हलत होती.

चुलते दारात आले. "सुतकात कसलं कंपुटर बे? जग बुडतंय का?"

त्यांच्यामागून वहिनी आल्या. आठ दिवसांत त्या पहिल्यांदाच माडीवर आल्या होत्या.

"मी वाचते, भाऊजी. ह्यांच्यावानी भराभर जमणार न्हाई. यष्टी सुटल्यावानी वाचायचे."

चुलते जिना उतरून खाली गेले.

"इथून वाचा," मी टिका संपल्या तिथं बोट ठेवलं.

"मधूनच कावून? पयल्यापासून वाचते."

दादानं तपासलेलं पुन्हा काय तपासायचं, असं मनात आलं. त्या एकेक ओळ सावकाश वाचत होत्या. मी पडद्यावर जुळवत होतो.

"चौदा. ग्राउंड."

पडद्यावर चौदाव्या टोकाला ग्राउंडऐवजी वीजपुरवठा जोडलेला होता. चूक माझी होती, आणि ती तशीच गेली असती तर चिप पहिल्याच जोडणीत जळाली असती.

वहिनींनी कागद जवळ धरला. "ह्यांची टिक हाय ना ही?"

"हो. तापातली असेल."

त्यांनी त्या टिकेवरून बोट फिरवलं. मला चुकीपेक्षा त्यांचीच भीती वाटू लागली.

"मग खोडा," त्या म्हणाल्या.

माझ्यानं होईना. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, टिकेवर एक बारीक आडवी रेघ मारली आणि पुढची ओळ वाचली.

"पंधरा."

पाचला दहा मिनिटं असताना दुरुस्त केलेला आराखडा गेला.