तीन बोटांचा बँड

गोंदियात हार्डकोर पंक बँड कसा काय निघाला, असं लोक विचारतात तेव्हा माझं डोकं फिरतं. जणू काही राग बाहेरून मागवावा लागतो! आमच्याकडे तो धानाच्या बरोबरीने पिकतो, फक्त त्याला बाजार नाही.

आमचा गायक आणि मी गोरेगावला एकाच वर्गात होतो. खर्रा त्याने आठवीत सुरू केला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटायचा, पुडी बांधायची, झाला खर्रा. आमच्या जिल्ह्यात तो बारशापासून तेराव्यापर्यंत सगळीकडे चालतो आणि नाही म्हणणाऱ्याकडे लोक आजाऱ्यासारखे बघतात. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याला गुपचूप खाता येईना. गुपचूप म्हणजे आमची पाणीपुरी. ती फोडून तुकडे करून खाणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. गाड्याभोवतीची सगळी हसली.

गोंदियाच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. धड तोंडात ती सहज जातात; त्याचं तिसरं कसंबसं घासत गेलं. खर्ऱ्याने तोंड आखडत चाललंय, सोडलात तर कदाचित इथेच थांबेल, पण जेवढं बंद झालं तेवढं परत उघडणार नाही, असं त्या म्हणाल्या. बाहेर येऊन त्याने खिशातली पुडी नालीत फेकली.

"साल्याहो, माह्या तोंडाले कुलूप लावून राहिले," तो म्हणाला. "बंद व्हाच्या आधी बोंबलून त घेतो."

आमचा बँड तिथे, त्या नालीपाशी सुरू झाला. आम्ही दोघं तेव्हा फोनवर अमेरिकेतल्या पोरांची गाणी ऐकायचो. दारू नाही, सिगारेट नाही, नशा नाही, हाताच्या पंजामागे काळी फुली आणि दीड-दोन मिनिटांत संपणारा आरडाओरडा. त्याला ते स्ट्रेट एज म्हणतात. मी गिटार शिकत होतो, गाणीही मीच लिहायचो. ढोल वाजवणारा मिळाला तो फुलचूरच्या एका राईस मिलवर कामाला होता. फुलीसाठी पोत्यावर मार्का मारायची काळी शाई तोच आणायचा. साबण संपायचा, शाई जायची नाही. तो गोंड घरचा. त्यांच्याकडे देवाला मोहाच्या दारूची धार लागते. तो देवाला वाहायचा, स्वतः घ्यायचा नाही, आणि यावरून आमचं कधी भांडण झालं नाही.

मिल बंद असली की गोदामात सराव. प्रत्येक सरावाआधी तिघांनी तीन बोटं तोंडात घालून दाखवायची, हा आमचा एकमेव विधी. मग तो ओरडायचा. पहिल्या गाण्याचं धृपद एकच शब्द होतं, "नाही". 'ना' म्हणताना त्याचा जबडा जेवढा उघडायचा तेवढा तो उघडायचाच, कानामागे दुखलं तरी. कोंडा आणि भुसा उडायचा, आम्ही खोकायचो आणि मला वाटायचं की हे थांबवायची कुणाची टाप नाही.

वाजवायला जागा मात्र कुणी देईना. शहरातल्या हॉलवाल्याने भजन करणार असाल तर या, असं हिंदीत समजावून सांगितलं. शेवटी चौथ्या वर्षी एका गावच्या मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, बोलावणं आलं. दंडारीचं नाटक सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं, व्यसनमुक्तीचा कार्यक्रम म्हणून. गावच्या पुढाऱ्याने आम्हाला शाली घातल्या आणि अशी संस्कारी पोरं घराघरात हवीत, असं गालात खर्रा धरून सांगितलं. मागच्या फलकावर बिअर बारची जाहिरात होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संस्कारी? आम्ही चिडलेलो होतो! तुमच्यावरच चिडलेलो होतो, आणि तुम्ही आमच्या रागाला शाल गुंडाळून दिवाणखान्यात बसवत होता.

गायकाने शाल काढून ढोलावर टाकली आणि माईकवर सगळ्यांना तीन बोटं तोंडात घालायला सांगितली. आधी हशा झाला. बायापोरांनी घातली, म्हाताऱ्यांनी घातली. मग पुढच्या खुर्च्यांवरचे बापे एकमेकांकडे बघू लागले. कुणाची दोन गेली, कुणाचं एक. पुढाऱ्याने हात खिशात घातला.

तेवढ्यात मंडपाच्या कडेचा पानठेलेवाला बोलला. "तू घाल ना बे. तूच दाखव."

मला वाटलं, जिंकलो आपण. पण गायकाची दोन बोटं गेली आणि तिसरं ओठाशीच अडलं. त्याने दाबून बघितलं. तेव्हा मला कळलं की महिनाभर सरावाला तो मुद्दाम उशिरा का येत होता. चार वर्षं त्याने खर्ऱ्याला हात लावला नव्हता.

"सोडून काय भेटलं मंग तुले?" ठेलेवाला म्हणाला, आणि सगळा मंडप हसला. सुटल्यासारखा हसला. पुड्या तिथेच उघडल्या. खाणाऱ्यांना न खाण्याची थट्टा करायला माझा मित्र सापडला होता. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो, आणि आमच्या जिल्ह्याचा, आणि त्या 'कदाचित'चा, ज्यावर आम्ही चार वर्षं काढली.

तो सगळी गाणी गायला. 'नाही' अर्धंच निघत होतं.

परतताना तो गाडीवर माझ्या मागे बसला होता. गोरेगावचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाला, "लिहून राहिला त एक कर. तोंड लय उघडा लागते असे शब्द टाकू नोको."

मला गाडी थांबवून कुणाला तरी मारावंसं वाटत होतं. पण मी त्याच्याच शब्दापाशी थांबलो. नोको. ओठ गोल केले की होतं, जबडा जवळजवळ हलत नाही. आयुष्यभर घरात म्हणत आलेला शब्द गाण्यात घालावा, हे आम्हाला सुचलं नव्हतं.

आता आमचं धृपद "नोको" आहे. दोन बोटांच्या फटीतून तो असा काढतो की गोदामाचे पत्रे वाजतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. मी गाणी लिहून ठेवतोय, दोन बोटांची, आणि थोडी दीड बोटाचीही.